काचेतलं ऊन

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायको असती तर तिच्याजवळ बोललो असतो का? — नाही. तिच्याजवळही नाही. चौथी शिकलेला माणूस मी, पण गावाकडे म्हशींची पारडी जगवली. जनावरातलं मला कळतं, हा माझा ताठा. आणि हे त्या ताठ्याचंच आहे.

अमेरिकेत ट्रॉयला मुलाकडे, महेशकडे, राहायला आलो तेव्हा नात सई नऊ वर्षांची होती. तिने कासव पाळलेलं — वाटीएवढं पिल्लू, जमिनीवर राहणारं. नाव वॉफल. काय तिची निगा! सकाळी त्याला कोमट पाण्यात ठेवायची, मग पानं बारीक तोडून द्यायची. उन्हाळ्यात अंगणातला पिवळ्या फुलांचा पाला मी खुडून आणायचो. थंडीत दुकानातली पानं. कवच टणक व्हावं म्हणून एक दिवसाआड वर चिमूटभर कॅल्शियमची पावडर. मी शेजारी खुर्ची टाकून बघत बसायचो. ती एकदाही चुकली नाही. हे लक्षात ठेवा — मी रोज बघत होतो.

वॉफल राहायचं त्या पेटीवर एक खास दिवा होता. तो दिवसभर चालू ठेवायचा. सईने मला बजावलेलं, "आबा, लाइट बंद नाही करायचा हं. इट्स हिज सन."

दिवसाउजेडी दिवा? आणि मला शिकवणार कोण, तर ही एवढीशी पोर?

सगळे बाहेर पडले की मी दिवा बंद करायचो आणि पेटी ओढून खिडकीच्या उन्हात ठेवायचो. देवाचं ऊन असताना बल्बचं कशाला? ऊन नसेल त्या दिवशीही दिवा लावला नाही — घर गरम असतंच की. एकदा ठरवलं ते ठरवलं. मात्र खाली गॅरेजचं दार घरघरलं की पेटी जागेवर, दिवा चालू. मनात चोरी नव्हती, तर मग ही धावपळ कशासाठी होती — सांगा?

हिवाळा सरता सरता वॉफल पाय ओढायला लागलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी कवच अंगठ्याने दाबलं — आणि ते दबलं. त्यांचं इंग्रजी मला कळलं नाही. पण दिव्याकडे बोट करावं तसं वर बोट करून काही विचारलं, ते कळलं. महेश म्हणाला, "येस, एव्हरी डे." तो घरी यायचा तेव्हा दिवा चालूच असायचा ना.

परतताना गाडीत त्याने मला समजावलं. त्या दिव्याशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही. काचेतून आलेलं ऊन नुसती ऊब देतं, बरेच लोक तिथेच फसतात. "आपला दिवा तर चालू असतो, आबा. मग राहिली पावडर. सई, खरं सांग. विसरतेस ना तू?"

"आय डिडंट, बाबा! आय प्रॉमिस. विचार ना आबांना!"

विचार ना आबांना. महेशने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी काय केलं? — मी बाहेरचा बर्फ बघितला. म्हणालो, "माझं काही लक्ष नसतं बुवा."

घर जवळ आल्यावर पोर हळूच म्हणाली, "मेबी आय फर्गॉट."

त्या दिवसापासून पावडर महेश द्यायला लागला. मी दिव्याला पुन्हा हात लावला नाही. उन्हाळ्यापर्यंत कवच टणक झालं, आणि घरातले म्हणाले, बघा, पावडर वेळेवर मिळाली की कसं सुधारलं! जनावर बरं झालं — आणि सईवरचा आळ पक्का झाला.

आता ती तेरा वर्षांची आहे. वॉफल ताटाएवढं झालंय, चांगलं दणकट. सई बाहेर पडताना कुलूप दोनदा ओढून बघते. गाडीत बसल्यावर पुन्हा उतरते, पुन्हा ओढते. "आय फर्गेट थिंग्ज, आबा," असं हसत सांगते. मी मान हलवतो.

तिला मराठी वाचता येत नाही. त्या भरवशावर मी हे लिहिलंय. बोललेलं मराठी मात्र तिला सगळं कळतं.