हेलिकॉप्टर धरणारी चार माणसं

सर्व संबंधितांस कळवण्यात येते की, हेलिकॉप्टरचा शोध कणकवली-देवगड एसटीत एका गृहस्थांनी रद्द ठरवला आहे.

हे गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. नाव मी विचारलं नाही, 'कित्याक होया?' असंच उत्तर येईल, अशी त्यांची नजर होती. कंडक्टरने दिलेलं तिकीटही त्यांनी उजेडात उलटंसुलटं करून पाहिलं. त्यांच्या आंब्याच्या कलमांना लागून सरकारी हेलिपॅड होणार होतं. "साहेब म्हणतत, वाऱ्यान मोहोर झडाचो नाय," ते म्हणाले. "साहेबांचा काय जाता?"

त्यांची धास्ती जावी म्हणून मी इतिहास काढला. "अहो, हे यंत्र मुळात फार गरीब. शंभरेक वर्षांमागे फ्रान्समध्ये सुरुवातीचं एक हेलिकॉप्टर जेमतेम हातभर उठलं. चार माणसांनी त्याचे चार कोपरे धरले होते."

"धरलेले, काय उचललेले?"

"नुसता तोल सांभाळायला. उठलं ते आपोआप."

त्यांचा हात उजव्या खांद्यावरच्या घट्ट्याकडे गेला, आणि अख्ख्या एसटीला ऐकू जाईल अशा आवाजात ते बोलून गेले, "आपोआप माका नको सांगा. शिमग्यात देवाची पालखी आपसूक नाचता म्हणान गावाक सांगणारो मीच आसंय."