खारी, गारी आणि नमीमावशी

नमीमावशीने माझ्या कुत्रीला एकदाही नावाने हाक मारली नाही. सहा महिने रोज भेटायच्या दोघी, पण एकदाही नाही. आणि तरी खारी तिच्याकडेच जायची, मला दोरीसकट फरफटत. मी जळायचे. सरळच सांगते, अजूनही जळते.

मावशी कोलशेतला आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर एका चपट्या दगडावर बसून सुकी मच्छी विकायची. जवळा, सोडे, बोंबील, तीन टोपल्या. रस्त्यापलीकडच्या गावातली ती, आमचे टॉवर उभे राहायच्या आधीपासूनची. पहिल्यांदा बोललो तेव्हा तिने कुत्रीचं नाव विचारलं. मी म्हटलं, खारी. मावशी हसायलाच लागली.

"खारी? आमची खारी ती मागं हाय. बोटी चालतात तिच्यात."

"ती खाडी, मावशी. ही खारी. चहात बुडवतो ती."

"तेच बोलतंय मी. खारी."

तिच्या बोलीत ड चा र होतो हे मला तेव्हा कळलं. खाडीची खारी, घोड्याचा घोरा, गाडीची गारी. टॉवरमधलं कोणी नाक धरून गेलं की ती मोठ्याने म्हणायची, "आधी खारी, मंग मच्छी, मंग आमी. तुमचं नाक सगल्यात शेवटी आयलं."

खारी मला पार्किंगमध्ये मिळालेली, मुठीएवढी. आठ महिन्यांची झाली आणि तिला गाड्यांचं वेड लागलं. रिक्षा, टेम्पो, स्कूल व्हॅन, काहीही दिसलं की भुंकत सुटायची. मी इतके व्हिडिओ बघितलेले की विचारू नका. नो, स्टे, लीव्ह इट, सगळं करून झालं. गाडी आली की मी जीव खाऊन ओरडायचे, "खारी, नो, खारी, खारी." काही फरक नाही. मग एक दिवस ती दोरी सोडवून पार्सलवाल्याच्या बाइकमागे धावली, तो पडला, कोपर सोलवटलं. सेक्रेटरीकाका घरी आले. पुढच्या मीटिंगपर्यंत कुत्री सुधारली नाही तर सोसायटीत नको. बाबा लगेच म्हणाले, विठ्ठलवाडीला आत्याकडे पाठवू. आत्या तिला गच्चीवर बांधून ठेवणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्या आठवड्यात मी रोज फिरवून आणायचे आणि रोज रडत वर जायचे. एका सकाळी मावशीने थांबवलं.

"कॉलेजवाली, इकडं ये. गारी आली का तू कशाला बोंबलतंस?"

"तिने थांबावं म्हणून."

"तू काय बोलतंस? खारी, खारी. दर गारीला खारी. तिला वाटतं खारी म्हंजे गारी. तू बोलतंस, ती धावते. गुनाची हाय बिचारी."

मी तिथेच गार. पाच महिने मी माझ्या कुत्रीला तिच्याच नावाने गाडीवर सोडत होते.

मग मावशीचा क्लास सुरू झाला. सकाळी टोपल्या मांडायच्या आधी आम्ही गल्लीच्या पार टोकाला बसायचो, तिथून रस्त्यावरच्या गाड्या खेळण्यातल्या दिसतात. मावशी जवळा आणायची, दोनदा पाण्यातून काढून वाळवलेला, कारण "मीठ बाधतं जनावराला." लांबवर गाडी दिसली की, खारीने तोंड उघडायच्या आत, ती हळूच म्हणायची, "गारी." आणि चिमूटभर जवळा. बस. दोन-तीन दिवसांनी दहा पावलं पुढे सरकायचं. मला बोलायची बंदी. माझं काम दोरी धरायचं, त्यातही चुका.

"सैल धर. तू भितंस ते दोरीतून कलतं तिला."

पंधरा दिवसांत आम्ही दगडापर्यंत पोचलो. टेम्पो धडधडत जायचा, मावशी म्हणायची "गारी", आणि खारी टेम्पोकडे पाठ करून मावशीच्या गुडघ्याला चिकटून बसायची. तोंड वर करून. असं तिने माझ्याकडे कधीच बघितलेलं नाही. मी महागाचं चिकनचं पाकीट आणलं, तिने हुंगलं आणि सोडून दिलं. मग मी जीन्सच्या खिशात जवळा ठेवायला लागले. तो खिशातच राहून मशीनमध्ये गेला आणि बाबा दोन दिवस ऑफिसला सुकटीचा वास मारत गेले. आईने विचारलं हे काय चाललंय. काय सांगणार? माझी कुत्री मला सोडून मच्छीवालीच्या प्रेमात पडलीय?

मीटिंगला चार दिवस राहिले तेव्हा मावशीचा गुडघा आखडला आणि तिची मुलगी तिला कळव्याला घेऊन गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. मला बरं वाटलं. आता खारी फक्त माझी.

दुसऱ्याच सकाळी स्कूल व्हॅन आली. मी मस्त शांतपणे म्हटलं, "गाडी." खारी झेपावली. दोरी हातात होती म्हणून वाचलो. वर बाल्कनीत सेक्रेटरीकाका चहा पीत बघत होते.

मी तिथूनच मावशीला फोन लावला, रडतच.

"काय बोललीस तू?" मावशीने विचारलं.

"गाडी."

"गाडी तिला काय म्हाईत? गारी बोल."

"गाऽरी."

"र लांबवू नको. घरातलं बोलल्यागत बोल. गारी."

आयुष्यभर आईने माझे उच्चार सुधारले आणि मी गेटवर उभी राहून ते बिघडवायचा क्लास लावलेला. दहा-बारा वेळा म्हणून घेतलं तिने. मग मी उगाच विचारलं, मनात होतंच, "मावशी, खारीची आठवण येते का हो?"

"मना कुत्री आवडत नाय. लहानपनी चावलेला एक."

"मग एवढं का केलंत?"

"तू रडत वर जायचीस ना रोज. मना बघवत नवतं."

मग ती म्हणाली, "जवला संपला तर सांग," आणि फोन ठेवला.

मीटिंगच्या सकाळी सेक्रेटरीकाकांची स्वतःची गाडी गेटातून बाहेर पडली, एकदम आमच्या शेजारून. मी म्हटलं, "गारी." खारी वळली आणि बसली. काकांनी काच खाली केली, "काय म्हणालीस तू तिला?" मी म्हटलं, "काही नाही काका, गारी." ते गेले. खारी सोसायटीत राहिली.

मावशी कळव्याहून परत आलीच नाही. गणपतीच्या आधी तिच्या मुलीचा फोन आला, झोपेतच गेली म्हणून.

दगड अजून तिथेच आहे. गाडी आली की मी "गारी" म्हणते, आता नीट जमतं मला. खारी ऐकते, वळते, पण आधी त्या दगडाकडे बघते, मग माझ्याकडे. रोज, दर गाडीला. तेवढ्यात मी पण दगडाकडे बघून घेते.