ट्यूबभर हवेचा मासा

त्यांच्या डाव्या अंगठ्याचे नख रोज वेगळ्या रंगाचे असे. सोमवारी चंदेरी, मंगळवारी हिरवे, कधी अर्धे पिवळे नि अर्धे काळे. पवनी-भंडारा गाडीचा हा पन्नाशी उलटलेला, भरघोस मिशांचा कंडक्टर तिकीट पुढे करी आणि बायांची नजर तिकिटाऐवजी नखावर जाई. एका आजीने तर भर गाडीत विचारले होते, "काहून जी, नेलपालिश तुमची का बायकोची?"

"मासोळीची," ते म्हणाले आणि घंटीची दोरी ओढून मोकळे झाले.

आता नखाचा आणि मासोळीचा संबंध काय, हे सांगायला माझ्याइतका लायक माणूस पवनीत दुसरा नाही, कारण बसस्टँडजवळचे पंक्चरचे दुकान माझे. या कंडक्टरभाऊंना लाकडाचे मासे करून रंगवायचा नाद होता. असा मासा दोरीला बांधून तलावात ओढायचा; मरळीसारखा मोठा मासा त्याला खरा समजून झडप घालतो आणि पोटाखालच्या गळाला अडकतो. रंग द्यायचा तो हवेने फवारून. भंडाऱ्यातला एक जुना फोटो स्टुडिओ बंद पडला, तेव्हा फोटो रंगवायचा पेनाएवढा एअरब्रश त्यांना मिळाला होता. प्रत्येक फवारा आधी नखावर मारून पाहायचा, मग माशावर. नखाचे गुपित एवढेच.

ब्रश मिळाला, पण हवा? घरी कॉम्प्रेसर घेतला असता तर लोडशेडिंगमध्ये तो नुसता शोभेला राहिला असता. म्हणून दर रविवारी सकाळी ते ट्रकची जुनी ट्यूब खांद्यावर टाकून माझ्याकडे येत. "हवा देतोस का, बापू?" हे ठरलेले वाक्य. मी माझ्या डिझेलच्या कॉम्प्रेसरवर ट्यूब टम्म भरून देई, ते ती अंगात अडकवून सायकलवर बसत आणि सगळी बाजारओळ विचारी, "भाऊ, नदीले पूर आला का?" रोज रात्री एक रंग, असा एका ट्यूबमध्ये एक मासा होई. शेपटीपाशी हवा संपली तर मासा पुढच्या रविवारपर्यंत बिनशेपटीचा राही.

खवल्यांसाठी त्यांनी घरची मच्छरदाणी कापली. माशावर जाळी ताणायची, वरून फवारायचे, जाळी उचलली की खवलेच खवले. वहिनी तणतणत दुकानात आल्या. "लाकडाच्या मासोळीपायी घरात मच्छर घेतले ना यायनं! तू हवा देणं बंद कर." मी शब्द दिला आणि पुढच्याच रविवारी मोडला. मला तरी कुठे राहवत होते?

पण एक दुखणे होते. दोन वर्षांत त्यांच्या माशाला एकाही माशाने तोंड लावले नव्हते. मी शेजारी बसून गांडुळावर मासे काढी आणि त्यांना चिडवी. ते रागावत नसत. मात्र निवृत्ती जवळ आली, मुलीकडे पुण्याला जायचे ठरले, तेव्हा एकदा मी ट्यूब भरत असताना म्हणाले, "जायच्या आधी एका मरळीनं तरी याले खरा समजला पायजे, बापू. बस." हसत म्हणाले, पण मला ते लागले. त्या दिवसापासून मी चिडवणे सोडले.

मासळीबाजारात एक मावशी बसे. तिच्या टोपलीसमोर उकिडवे बसून भाऊ माशांचे रंग वहीत उतरवून घेत. एकदा त्यांनी तयार मासा तिच्या हातात दिला. तिने तो उजेडात फिरवून पाहिला.

"हात चांगला हाय तुमचा, भाऊ. पण हा तं मेलेला हाय."

"म्हंजे?"

"डोया पाहा कसा पांढरा. पोट पिवयं. सकायपासून टोपलीत पडला का मासा असाच होते. मेलेल्या मासोयीवर मरळ काहून झपटन?"

दोन वर्षे हा माणूस इमानेइतबारे मेलेले मासे रंगवत होता! मला हसू आवरेना. भाऊंनी मासा परत घेऊन डोळ्यांजवळ धरला, मग त्यांच्याही मिशा हसण्याने थरथरू लागल्या. "पण मेलेले तं बराबर काढले ना, मावशी?"

पुढच्या रविवारी ट्यूबबरोबर एक डबा आला. त्यातली बोटभर जिवंत मासोळी त्यांनी थेट माझ्या पंक्चर तपासायच्या टपात सोडली. मी ओरडलो. "दोनच दिवस, बापू," ते म्हणाले. झाले दोन महिने. मी पाणी रोज बदलू लागलो. ट्यूब बुडवली की मासोळी बुडबुड्यांकडे धाव घेई. पंक्चर माझ्याआधी तिला सापडे. ड्युटी संपली की भाऊ टपाशी बसत. "जिवंत मासा एका रंगाचा रायतच नाई. पाह्य, वळली का बदलली. आता हिरवी, आता गुलाबी."

जायच्या आठवड्यात आम्ही दोघे तलावावर गेलो. कमळाच्या पानांकडेने त्यांनी टपातल्या मासोळीवरून रंगवलेला नवा मासा ओढायला घेतला. तिसऱ्या खेपेला पाणी फुटले, हातातला बांबू कमानीसारखा वाकला आणि दोरी तटकन तुटली. मी कपाळावर हात मारला. "गेली ना भाऊ दोन महिन्यांची मेहनत!"

भाऊ गुडघाभर चिखलात नाचत होते. "नेला! बापू, नेला!"

"पण मरळ कुठी हाय?"

"मरळ कायले पायजे? तिनं खरा समजून नेला ना!" आणि त्यांनी मला चिखलासकट मिठी मारली. दोन वर्षे हसलेला मी, माझेच डोळे भरून आले. सांगायला लाज कसली?

मरळ नाही, मासा नाही. गावात कोणी विश्वास ठेवीना. साक्षीदार मी एकटा. मावशीने मला बाजूला घेऊन विचारले, "खरंच नेला?" मी मान डोलावली. "मंग जिता झाला म्हना," ती म्हणाली आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळली.

भाऊ गेले ते स्वतःच्याच गाडीने, खिडकीपाशी बसून. कंडक्टर नवा होता. घंटीची दोरी मात्र त्यांनीच ओढली. नख त्या दिवशी हिरवे होते, कडेला गुलाबी.

ट्यूब माझ्याकडेच ठेवून गेले. दुकानात खुंटीला टांगली आहे. नुसती टांगली तरी हवा हळूहळू कमी होतेच, म्हणून रविवारी सकाळी दुकान उघडले की आधी ती भरतो. गिऱ्हाईक विचारते, कोणाची? मी म्हणतो, एका कंडक्टरची. अचानक दारात येऊन "हवा देतोस का, बापू?" म्हणाले, तर थांबायला लागू नये.