अकरा एप्रिलच्या पिना

कारखान्यात ओराथाईला सगळे 'पी' म्हणायचे. पी म्हणजे थोरली. गोदामवाला चालोम तिच्याहून सहा वर्षांनी मोठा, पण तोही तिला पीच म्हणायचा, एवढा तिचा दरारा. थायलंडात रायोंगच्या पट्ट्यात ब्रेकचे सुटे भाग करणारा हा कारखाना, आणि त्याच्या नकाशाघरात ती सव्वीस वर्षं ठाण मांडून होती.

तिचं काम सांगायला सोपं. कारखान्यात सॉफ्टवेअर दोन. एकात प्रत्येक भागाची जन्मपत्रिका: नकाशा कुणी काढला, बदल कधी झाला, सही कुणाची, थांबवला कधी. दुसरं गोदामाचं: माल किती, गेला कुठं. दोन्ही भांडलेल्या जावांसारखी, एकमेकींशी बोलणं नाही. इकडचा निरोप तिकडं घालायचा तो ओराथाईनं, हातानं. त्यात एकीचं साल बुद्धाचं, दुसरीचं इंग्रजी. पाचशे त्रेचाळीस वर्षांचं अंतर. ती वजाबाकी तोंडी करायची. दोन्हीकडच्या तारखा शेजारी मांडून बघायची हौस दुसऱ्या कुणाला नव्हती.

यंदा मालकांनी दोन्ही जोडायला काढली. त्यासाठी बँकॉकहून थनाकॉन नावाचा इंजिनियर आला. चाचणीच्या पहिल्या सकाळी जोडणी चालू झाली, आणि कारखान्यातल्या सगळ्या पडद्यांवर एकच ओळ उमटली: 'सुवित यांची सही बाकी आहे.'

सुवित मेलेला होता. तपासणीतला इंजिनियर. चार वर्षांमागं सोंगक्रानच्या, नववर्षाच्या सणाच्या सुट्टीत मोटारसायकलवर गावाकडं निघाला तो वाटेतच संपला. त्याचं खातं तसंच राहिलेलं. मेल्या माणसाचं काही हलवायचं तर आधी त्याला सांगावं लागतं, आणि सांगायला आजवर कुणी पुढं झालं नव्हतं.

"घ्या, हजेरी लावली गड्यानं," चालोम म्हणाला.

"खातं बंद करून टाकतो," थनाकॉन म्हणाला. "एक बटण दाबायचं आहे."

"दाबा की. तुमची खोली कुठल्या गल्लीत हाय तेवढं सांगा, साहेब. त्याला पत्ता देऊन ठेवतो."

थनाकॉन हसला, पण बटण काही दाबलं नाही. दुपारपर्यंत नकाशाघरातल्या पोरींनी सुवितच्या रिकाम्या टेबलावर बर्फाची काळी कॉफी आणून ठेवली होती.

ओराथाईला त्या ओळीची भीती नव्हती. भीती होती ती यादीची. यंत्रानं पाचशे त्रेचाळीस आपणहून वजा केले, दोन्हीकडच्या तारखा शेजारी बसवल्या, आणि न जुळणाऱ्यांची यादी तिच्यापुढं टाकली.

"पी, गोदामाची तारीख नकाशाच्या तारखेला जुळवत चला," थनाकॉन म्हणाला. "डोळे झाकून."

तेराशे सातवी ओळ ब्रेकच्या पॅडलमधल्या पिनेची. नकाशाकडं: थांबवली, अकरा एप्रिल, दुपार, सुवित. गोदामाकडं: थांबवली, अठरा एप्रिल, ओराथाई. आणि मध्ये एक नोंद: दोनशे चाळीस पिना रवाना, अकरा एप्रिल, संध्याकाळ.

त्या दुपारी सुवित तुटकी पिन घेऊन तिच्या टेबलाशी आला होता. "पी, पोलादाला पाणी चुकलंय. काचंगत मोडतीया. गोदामात निरोप आत्ताच्या आत्ता घाल." ती हो म्हणाली. तिची गावाकडची, सुरीनची बस तीनला, गाठोडं पायाशी. तिनं विचार केला, सणात कोण माल हलवतंय, आल्यावर घालू. इकडं चालोमलाही हात मोकळे करून घरी जायचं होतं. त्यानं संध्याकाळी गाडी भरून लावून दिली. सुट्टीवरून ती परतली, सुवित परतला नाही. तिनं निरोप घातला आणि तोंड मिटलं.

तेव्हापासून रस्त्यात पुढच्या गाडीनं ब्रेक दाबला की ती त्या लाल दिव्यांकडं बघत राहायची, ते विझेपर्यंत. सुवित स्वप्नात कधी आला नाही. तेच तिला सलायचं. आला असता तर भांडता तरी आलं असतं.

आता अठराचे अकरा केले की ती सुटणार होती. मग कागदोपत्री निरोप दुपारी पोचलेला दिसणार, आणि तरी संध्याकाळी माल सोडणारा चालोम अडकणार. तिनं अकरा टंकले. पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा टंकले, पुन्हा पुसले.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत सुवितला सांगायचं ठरलं. नकाशाघरात थोरली ती, म्हणजे सांगायचं तिनंच. मोठ्यानं, सगळ्यांसमोर, कुणाच्या हातानं काय बदलतंय ते. सांगण्यात खोट असली तर मेलेला जागचा हलत नाही. टेबलावर चिकट भात ठेवला, कॉफी ठेवली, मेलेल्यासाठी म्हणून एकच उदबत्ती लावून तिनं जोडल्या हातांत धरली.

"सुवित, तुझं खातं बंद करतोय," ती म्हणाली. "तुझे भाग दुसऱ्याच्या नावावर जातील. राग धरू नगंस."

"कॉफी पातळ हाय म्हणावं, गोड मानून घे," मागून चालोम बोलला. लोक हसले.

सांगणं तिथं संपत होतं. ओराथाईनं हात खाली घेतले नाहीत. उदबत्तीची राख तिच्या मनगटावर पडली.

"पिनेचा निरोप मी घातला न्हाई," ती म्हणाली. "तू सांगितलंस तवा मी बसच्या घाईत हुते. दोनशे चाळीस गेल्या. चालोमला काय बी ठावं नव्हतं."



"ती गाडी मी भरली हुती," चालोम म्हणाला.

"व्हय."

"ह्या हातांनी. आन् चार वर्षं माझ्यासंगं जेवतीयास."

थनाकॉन तोवर पडद्याकडं गेला होता. पिना कुठल्या कारखान्यात गेल्या, कुठल्या गाड्यांत बसल्या, ते जोडणीनं तासाभरात काढून दिलं.

ओराथाईला नकाशाघरातून काढून सुट्या भागांच्या धुलाई विभागात टाकलं. गाड्या परत बोलावल्या. पाच महिन्यांत दोनशे नऊ पिना आल्या. बहुतेक धड, काहींना केसाएवढी चीर. अठ्ठावीस गाड्या सीमेपलीकडं कंबोडियात विकल्या गेलेल्या, त्यांचा माग लागला नाही. उरल्या तीन गाड्या. त्या भंगारात गेल्या होत्या, आणि कारणाच्या रकान्यात एकच शब्द: अपघात.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी ओराथाई हात पुसत थनाकॉनच्या दाराशी उभी राहते. "त्या तिघांचं अजून काय लिवून आलंय का?"

तो दर वेळी उघडून बघतो. "नाही, पी. तेवढंच आहे."