गल्लीतला बोलका डबा

आमच्या धंद्यात किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपणहून अंगावर येतात. मी लातूरच्या बाजारात दुकानोदुकानी फिरतो. मोबाइलने पैसे घ्यायचे स्टिकर चिकटवतो आणि पैसे आले की मोठ्याने सांगणारा स्पीकर बसवून देतो. गल्लीत त्याला कुणी स्पीकर म्हणत नाही. तो 'डबा', आणि मी 'डबेवाला'! हे सासरी कळलं तेव्हा सासरेबुवांनी महिन्याच्या जेवणाचा दर विचारला.

डबा बिघडला तर कंपनी परत घेते. किस्सा परत घ्यायची कुठे सोय नाही, म्हणून ते साठत जातात.

त्यात आमचे एरिया मॅनेजर. साहेब नांदेडला बसतात. एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं, की आमची गल्ली 'शंभर टक्के डिजिटल' करायची. तोंडाशी बोर्ड लावायचा, फीत कापायची, फोटो वर पाठवायचा. सगळी गल्ली तयार झाली. अडून बसले ते एकटे आबा, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान असलेले.

साहेब फोनवर म्हणाले, "आबांच्या दुकानात डबा लागला नाही, तर तुम्ही लातुरात राहून करणार काय? चंद्रपूरला जागा रिकामी आहे."

माझी बायको लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेत शिकवते. नुकतीच कुठे पर्मनंट झाली होती. म्हणजे चंद्रपूरला मी एकटा जाणार, आणि मला तर कुकरची शिट्टी झाली तरी धडकी भरते. मी रोज आबांच्या पायरीवर जाऊन बसायला लागलो.

आबांचं उत्तर ठरलेलं. "पैसा डोळ्याला दिसला पायजे, बाबा. तुझा पैसा नुसता वरडतो!"

*

आणि ओरडायचा तो नेमका नको तेव्हा.

आबांच्या समोर किशनशेठचं साड्यांचं दुकान. एकदा खेड्याकडच्या सासू-सुना आल्या. सुनेने लालभडक साडी पसंत केली आणि सासू पदर बघण्यात गुंतली असताना ती शेठच्या कानाशी लागली. "आत्याबाईला सहाशेची सांगितली. तुमी बी तेच सांगा."

शेठनी मान डोलावली. साडीच्या धंद्यात ही मान दिवसातून पुष्कळदा डोलवावी लागते. सुनेने गुपचूप स्कॅन केलं. पुढच्या क्षणी डबा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलला, "दोन हजार चारशे रुपये प्राप्त झाले!"

सून साडीच्या रंगाची झाली. पण शेठ मुरलेला गडी. म्हणाले, "ते मघाच्या गिऱ्हाइकाचे, मावशी. डबा जुना झालाय, जरा सावकाश बोलतो."

"हाव का?" म्हणत सासू गादीवर नीट मांडी घालून बसली. "मग आमचे सहाशे कवा बोलंल?"

आता आली का पंचाईत! शेठ पाणी प्यायच्या निमित्ताने मागच्या दाराने शेजारच्या दुकानदाराकडे पळाले, त्याच्या फोनवरून स्वतःच्याच दुकानाला सहाशे पाठवले आणि घाम पुसत परत आले. डबा बोलला. सासूचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी सासू एकटीच दुकानात हजर! तिने सुनेपेक्षा भारी साडी काढायला लावली आणि म्हणाली, "डब्याचा आवाज बारीक करा. अन् सूनबाईनं इचारलं, तर सहाशेच सांगा."

हे सगळं समोरून बघत असलेले आबा मला म्हणाले, "माझ्या गल्ल्यानं आजवर कुणाची चुगली केली न्हाई."

*

गंगाधरअण्णांचं किराणा दुकान. दिवाळी पाडव्याला सकाळी त्यांचा फोन. "डबेवाले, तुमचं यंत्र मेलं! गिऱ्हाइकं फोन दावून दावून दमले!"

सणाच्या दिवशी अंघोळ उरकून पळालो. बघतो तर काय! आदल्या दिवशी लक्ष्मीपूजनात अण्णांनी तिजोरीबरोबर माझ्या स्टिकरचीही यथासांग पूजा केलेली. स्कॅन करायच्या चौकोनावर हळद, हळदीवर कुंकू, कुंकवात अक्षता रुतलेल्या आणि मधोमध चिकटपट्टीने झेंडूचं फूल! बिचाऱ्या मोबाइलला त्यात काय दिसणार?

मी खिशातून रुमाल काढला. अण्णांनी माझं मनगटच धरलं.

"सणासुदीला लक्ष्मी पुसून राहिलास व्हय रे?"

"अण्णा, पुसल्याशिवाय पैसे यायचे नाहीत."

"अन् लक्ष्मी पुसल्यावर येतेल?"

यावर कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये आम्हाला काहीच शिकवलेलं नाही. मी बॅगेतून नवा स्टिकर काढून दिला. अण्णांनी तो लांब धरून पाहिला आणि संशयाने विचारलं, "ह्याची पूजा झाली न्हाई. ह्याच्यावरचा पैसा टिकंल का?"

तोडगा निघाला. जुना स्टिकर माडीवर देव्हाऱ्यात, नवा काउंटरवर. आता दुकानात नेटवर्क गेलं, की अण्णा कंपनीला फोन करत नाहीत. जिन्यात तोंड घालून ओरडतात, "अगं ए! आज वर अगरबत्ती लावली न्हाईस काय?"

*

गल्लीच्या कोपऱ्यावर करीमचाचांचं बांगड्यांचं दुकान. चाचा तसे हौशी, डबा सगळ्यांत आधी त्यांनीच लावला. अडचण फक्त बोहनीची. सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाचा पैसा कपाळाला लावल्याशिवाय ते गल्ल्यात टाकत नाहीत. आता डब्यातून आलेला आवाज कपाळाला कसा लावायचा?

एका सकाळी क्लासची एक मुलगी केसांच्या पिना घ्यायला आली. तिने पैसे पाठवले, डबा बोलला, मुलगी निघाली.

"ठैर बेटी," चाचा म्हणाले. "बोहनी है. माथे को लगाए बगैर कैसा?"

"चाचा, आले ना पैसे फोनवर!"

"तो फोन दे!"

मुलीने हसत फोन दिला. चाचांनी डोळे मिटून तो कपाळावर ठेवला आणि भक्तिभावाने इकडून तिकडे फिरवला. नेमका त्याच वेळी निलंग्याहून तिच्या पप्पांचा व्हिडिओ कॉल आला. कपाळ फिरलं आणि कॉल उचलला गेला!

फोनमधून आवाज आला, "अगं, हे काय दावून राहिलीस? टक्कल कुणाचं हाय?"

चाचा दचकले. फोन समोर धरला. पप्पा आणखी दचकले. "तुमी कोण? हिचा तर आत्ता फिजिक्सचा तास असतो!"

मुलीने कपाळावर हात मारला. चाचांनी मात्र प्रसंग सांभाळला. "भाईसाब, बोहनी का टाइम है. सुबू सुबू बच्ची को डाटो नक्को."

पप्पा हुशार. त्यांनी चाचांचा नंबर मागून घेतला. हल्ली ते निलंग्याहून अधूनमधून विचारतात, "चाचा, पोरगी बाजारात दिसली का?" आणि समोर तीच मुलगी मैत्रिणींबरोबर बांगड्या निवडत असताना चाचा छातीला हात लावून सांगतात, "नै भाईसाब, खुदा कसम, आज तो कोईच नै आया!" मग छताकडे बघून माफी मागतात.

*

बाळूच्या चहाच्या गाड्यावर डबा लावताना त्याच्या बँक खात्याची काहीतरी भानगड निघाली. कागद पुरे पडेनात. बाळू म्हणाला, "बायकोचं खातं लाव की. घर एकच हाय!"

हे वाक्य त्याला चांगलंच महागात पडलं. चहा इथे विकला जातो आणि मेसेज बायकोच्या फोनवर वाजतो. जरा वेळ मेसेज वाजला नाही, की तिचा फोन. "गाडा सोडून कुठं गेलात?" बाळूचं पत्ते खेळणंच बंद झालं.

शेवटी बाळूने डोकं लढवलं. पांडुरंग नावाच्या रिक्षावाल्या मित्राला गाड्यापाशी बसवलं. रोख पैसे त्याच्या हातात दिले आणि सांगितलं, "मी डाव खेळून येतो. तू थोड्या थोड्या वेळानं एका चहाचे पैसे पाठवत राहा." पांडुरंग इमानी माणूस. बाळू निवांत पत्ते कुटत बसला, घरी मेसेज वाजत राहिले, संसार सुखाचा झाला.

आठवडाभराने मी गाड्यावर चहा पीत असताना बाळूच्या बायकोचा फोन आला. बाळूचे हात कपबशा धुण्यात, म्हणून त्याने तो स्पीकरवर टाकला.

"ते पांडुरंगभाऊजी हायत का तिथं?" ती काळजीने विचारत होती. "त्यास्नी दवाखान्यात न्या हो! माणूस दिवसभर नुसता चहाच पिऊन राहिलाय!"

*

तर गल्ली अशी रंगात आलेली, आणि आबा जागचे हलत नव्हते. साहेबांची यायची तारीख ठरली. शेवटी मी आबांना सगळं सरळ सांगून टाकलं. चंद्रपूर, मुरुडची शाळा, कुकर, काही शिल्लक ठेवलं नाही.

आबा तेव्हा एका घागरीवर कुणाचं तरी नाव घालत होते. नावं कोरायचं ते छोटं मशीन त्यांनी बंद केलं.

"तुला ठावं न्हाई," ते म्हणाले. "ह्या दुकानात मी भांडी दावायचो, नावं घालायचो. पैसे शकुंतला घ्यायची. लगीन झाल्यापासून गिऱ्हाइकानं पैसे तिच्याच हातात दिले. ती गेली, तवापासून कसंबसं मी घेतो. तिच्या जागेवर आता तुझा डबा बसवू?"

बदलीचा कागद घ्यायचा तर घ्यावा, असं मनाशी ठरवून मी उठलो.

"तो चौकोनाचा कागद ठेवून जा," मागून आबा म्हणाले. "अन् डबा बी ठेव. लावतो म्हणलो न्हाई. बघतो."

पुढे रोज दुपारी आबा दुकानाचं शटर अर्धं ओढून घ्यायला लागले. आतून मशीनची घरघर ऐकू यायची. कुणी वाकून बघितलं, की आबा खेकसायचे. लग्नसराई आहे, भांड्यांवर नावं घालत असतील, असं आम्ही समजलो.

साहेब आले. बोर्ड लागला, फीत बांधली. साहेब एकेका दुकानात शिरून स्टिकर बघत होते आणि मी त्यांच्यामागे देव आठवत चाललो होतो. आबांच्या दुकानाशी आलो, तर फळीवर डबा होता, पण भिंतीवर, काउंटरवर, कुठेच स्टिकर नाही! साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मला डोळ्यांपुढे चंद्रपूरची खानावळ दिसायला लागली.

आबांनी काउंटरवरचं लाल फडकं बाजूला केलं. खाली पितळेची जाडजूड पाटी, काउंटरला सपाट ठोकलेली. कागदावरचा चौकोन आबांनी ठिपक्याला ठिपका लावून पितळेत कोरला होता आणि त्यात काळी लाख भरली होती. मधोमध, जिथे कंपनीचं चिन्ह असतं तिथे, देवळातल्या घंटेवर घालतात तशा अक्षरांत नाव होतं, 'कै. शकुंतला यांच्या स्मरणार्थ'.

गल्ली दारात गोळा झाली. करीमचाचांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"हे असं चालत नाही, आबा," साहेब म्हणाले. "बरं, बघू. यावर पैसे गेले तर फोटो काढतो, नाही तर नाही."

त्यांनी उभ्यानेच फोन धरला. पितळ लखलखत होतं, दारातून आलेलं ऊन थेट त्यावर पडलेलं. फोनला काही दिसेना. साहेब डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. काही नाही. मी डोळे मिटून घेतले.

"साहेब," आबा शांतपणे म्हणाले, "उभ्यानं न्हाई व्हायचं. वाकावं लागतं."

साहेब वाकले. अजून वाकले. कपाळ पाटीला टेकायचंच बाकी राहिलं, तेव्हा त्यांची सावली त्या चौकोनावर पडली, आणि डबा बोलला, "एक रुपया प्राप्त झाला!"

आबांनी डब्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते पाटीकडे बघत म्हणाले, "बघितलंस का गं, साहेब नांदेडाहून आले, अन् रुपया दिऊन राहिले!"

सगळी गल्ली हसली. साहेबांनी फळीवरचा एक तांब्या उचलला, किंमत विचारली, आणि पुन्हा वाकले.