पिंपातली राख

बारामतीला नवनवे कारखाने येत होते, तेव्हा कन्हेरीच्या वाटेवर सूत रंगवायचा एक छोटा कारखाना होता. तिथले तात्या साखर कारखान्यातली चिपाडाची राख पिंपात भरून तिच्यातून रंगाचं सांडपाणी गाळायचे. मग पेला उन्हात धरून, एक डोळा मिटून म्हणायचे, "बघा राव, हिरीचं पाणी हाय का न्हाय?"

कोरी राख ते भांडी घासायला कुणालाही पाटीभर द्यायचे. वापरलेल्या राखेच्या ढिगाला मात्र त्यांनी काट्यांचं कुंपण घातलं होतं. एकदा एका म्हातारीनं त्यातलीच राख भरली. तात्यांनी तिची पाटी पालथी केली, हापशावर धुऊन दिली.

"राख द्यायला बी जीव जातूय," ती पुटपुटत गेली.

तात्या ढिगाकडं बघत राहिले. "पाण्यातला रंग ह्या राखंत आला. भांडी राखंनं निघत्यात राव. राख कशानं घासायची?"