मशीनमावशींचे कान

शिलाई मशीन बिघडलं की लोक ते मशीनमावशींच्या दुकानात आणून ठेवत, आणि मावशी पहिली गोष्ट कोणती करत, तर त्याच्याकडे पाठ फिरवत. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, बाई रागावल्या की काय. मावशी भिंतीकडे तोंड करून म्हणत, "हं, चालवा. खाली कापड घाला, उगाच उपाशी पळवू नका त्याला." मग डोळे मिटून, मान जराशी कलती करून ऐकत. थोड्या वेळाने निदान येई: पट्टा ढिला पडलाय, दात्यांत धाग्याचा गुंता बसलाय. कधी नुसतंच, "सुई उलटी लावलीत." हे शेवटचं त्या अगदी हळू सांगत. चारचौघांत कुणाची शोभा करू नये.

ही रीत त्यांच्या वडिलांची. डोळे दिसेल तिथे अडकून बसतात, ते म्हणायचे, कान मात्र आत शिरतो. लग्नानंतर मावशींनी राहत्या घराच्या पुढच्या खोलीत दुकान थाटलं. नवरा कचेरीत आवक-जावक सांभाळायचा. शांत माणूस, आवाज कधी चढला नाही. "आमच्या घरात दोन मशीनं," तो पाहुण्यांना सांगे, "एक शिवतं आणि एक त्याच्यावर बोलतं." मावशी हसत. तो निवृत्त झाल्यावरही हेच सांगत राहिला, पण हल्ली त्यात हसण्यासारखं थोडं कमी असे. दुपारभर तो मागच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसे, आणि पुढच्या खोलीत मावशी भिंतीकडे तोंड करून उभ्या असत.

साठीनंतर मावशींचे कान मंदावले. आधी गेले ते बारीक आवाज. कानाच्या आत शंखासारखी वळत गेलेली नळी असते आणि तिच्यात केसांसारख्या नाजूक पेशींच्या रांगा. उंच, बारीक आवाज ओळखणाऱ्या पेशी नळीच्या अगदी तोंडाशी बसलेल्या असतात, आणि बहुतेकदा त्याच आधी झिजतात. म्हणून माणसाला बोलणं ऐकू येतं पण कळत नाही; 'स' आणि 'फ' गळून पडतात आणि वाक्याची चाळण होते. मावशींना नवऱ्याचं बोलणं असंच भोकाभोकांचं ऐकू येऊ लागलं. मशीनची टिकटिकही पुसट झाली.

"कानाचं मशीन घेऊ या," नवराच म्हणाला. "मला एकच गोष्ट तीनदा सांगावी लागते. तिसऱ्यांदा सांगताना तिच्यात दम उरत नाही."

कान तपासणारी ताई तरुण होती, हसरी. काचेच्या खोलीत बसवून तिने मावशींना शिट्ट्या ऐकवल्या, आलेख काढला, आणि शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं त्यांच्या कानांमागे बसवली. मावशींकडे बटणांचा जुना फोन होता, तो काही कामाचा नव्हता. यंत्रं नवऱ्याच्या फोनला जोडली गेली. शेवटी ताईने ती पुन्हा काढून संगणकाला लावली आणि नवऱ्याला बराच वेळ फोनवर काहीतरी दाखवत राहिली. मावशी शेजारीच बसल्या होत्या, पण कान उघडे होते, म्हणजे बंदच होते. त्यांना फक्त दोघांच्या हलत्या माना दिसल्या.

बाहेर पडल्यावर त्यांनी विचारलं, "काय सांगत होती एवढं?"

"सवय व्हायला वेळ लागतो म्हणाली," नवरा म्हणाला.

घरात तर नवल झालं. पातेल्यावर झाकण टेकल्याचा आवाज आला, नवऱ्याच्या चपलेचा आला, त्याच्या वाक्यातले सगळे 'स' जागेवर आले. मावशी त्याला मुद्दाम काहीबाही विचारत आणि उत्तर शेवटपर्यंत ऐकत. तोही खुलला. वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचून दाखवू लागला.

दुकानात मात्र काहीतरी विचित्र घडे. गिऱ्हाईक मशीन चालवे, पहिले काही टाके छान ऐकू येत, आणि मग कुणी हळूच दार लोटून घ्यावं तसा आवाज दूर दूर जाई. मावशी यंत्र चाचपत. काढून पुन्हा घालत. पुन्हा तेच.

"अहो, मशीन ऐकूच येत नाही मला. तुमचं येतं, त्याचं नाही. त्या ताईला फोन करून विचारा ना."

नवऱ्याने फोन केला, दाराबाहेर जाऊन. आत येऊन म्हणाला, "तिचं म्हणणं, यंत्र ठीक आहे. कानच थकलेत. वयाला औषध नाही." आणि मग, मावशींच्या पाठीवर हात ठेवून, "पुरे आता. लेक केव्हाची बोलावतेय तिच्याकडे. तिथे काय कमी आहे?"

लेकीच्या घरी काही कमी नव्हतं. फक्त दुकान नव्हतं. मावशी म्हणाल्या, "बघू."

अशात गणवेश शिवणाऱ्या मास्तरांचं मशीन आलं. शटल बदललेलं, फक्त तपासून द्यायचं होतं. मशीनच्या पोटात शटलचं टोक सुईच्या केसभर अंतरावरून जातं आणि धाग्याचा फास उचलतं. तिथे टोक सुईला घासलं तर दर टाक्याला एक बारीक 'टिच' उमटतं. तेवढं टिच ऐकण्यासाठीच मावशी जन्मभर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या. त्या ऐकत राहिल्या. आवाज नेहमीसारखा दूर गेला. टिच काही आलं नाही. "न्या," त्या म्हणाल्या, "ठणठणीत आहे."

जाड कापडावर, पूर्ण वेगात, ती सुई तुटली. तुकडा शिवणाऱ्या मुलीच्या गालात घुसला, डोळ्याच्या जरा खाली.

मास्तर सांगायला आले तेव्हा त्यांनी एकही वाकडा शब्द काढला नाही. तेच मावशींना सहन झालं नाही. त्या रात्री जेवल्या नाहीत. "माझ्या कानांनी त्या पोरीचा डोळा घेतला असता," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून रडल्या. नवरा समोर बसून होता. त्याने पाणी आणून दिलं. "होतं असं," तो म्हणाला, "तू मुद्दाम थोडीच केलंस." दुसऱ्या दिवशी मावशींनी दुकान बंद करायचं कबूल केलं. अवजारं कुणाला द्यायची तेही ठरलं. नवरा लेकीकडे खोलीची सोय बघायला गेला.

तो गावाला असतानाच उजव्या कानाचं यंत्र मुकं झालं. मावशी एकट्याच ताईकडे गेल्या. यंत्रापासून कानात जाणाऱ्या बारीक नळीच्या टोकाशी मळ साचला होता. ताईने तो काढला आणि सहज विचारलं, "मावशी, ते मशीनचं सेटिंग काढून टाकलं, आता बरं वाटतं का?"

"कुठलं सेटिंग?"

ताईने समजावून सांगितलं. कानाचं यंत्र नुसता आवाज मोठा करत नाही, ते आवाज निवडतं. माणसाचं बोलणं सारखं वरखाली होतं, अक्षरागणिक चढतं, पडतं. पंखा, मोटार, मशीन यांचा सूर एकसारखा चालतो. असा एकसारखा सूर काही क्षण ऐकला की यंत्र ठरवतं, हा गोंगाट, आणि त्याला खाली ढकलतं. मध्येच टक्क झालं तर कानाला त्रास नको म्हणून तेही मऊ करतं. "तुमचं कामच मशीनचं, म्हणून मी दुसरं सेटिंग करून दिलं होतं. त्यात ही निवडानिवड बंद. दुकानात गेलं की फोनवर तेवढं बदलायचं, काकांना दाखवलं होतं. पण मग त्यांचाच फोन आला, की त्या सेटिंगने तुमचं डोकं दुखतं, काढून टाका म्हणून. मी इथूनच काढलं."

"मी काय म्हणत होते ते सांगितलं का त्यांनी? मशीन ऐकू येत नाही म्हणून?"

ताईचा चेहरा उतरला. "नाही हो मावशी."

मावशींनी दोन्ही यंत्रं काढून तिच्यापुढे ठेवली. मग म्हणाल्या, "ते परत घाल. आणि फोनमध्ये नको. या यंत्रावरच काही बटण असलं तर तिथे दे."

बटण होतं.

नवरा परतला तो खुशीत. खोलीला मोठी खिडकी आहे, सकाळचं ऊन येतं, असं बरंच काही सांगत होता. मावशींनी त्याला हातपाय धुऊ दिले. समोर ताट वाढलं. तो पहिला घास घेणार, तेव्हा म्हणाल्या, "माझं डोकं कधी दुखलं हो?"

घास हातातच राहिला. तो लगेच समजला. म्हणजे इतके दिवस तो या प्रश्नाची वाटच बघत असणार.

"अख्खा संसार त्या मशीनचं ऐकण्यात घालवलास," तो म्हणाला. "मी कचेरीतून यायचो, तू भिंतीकडे तोंड करून. मी काही बोललो की म्हणायचीस, थांबा, ऐकू द्या. म्हटलं, आता थोडं माझं ऐकेल."

"तुमचं ऐकायचं म्हणूनच तर घातली ना ही कानात."

"सुई तुटेल असं मला कुठे ठाऊक होतं?"

"तुटायच्या आधी नव्हतं ठाऊक. मी रडत होते तेव्हा होतं."

त्याने घास ताटात परत ठेवला. मावशींना वाटत होतं, राग येईल. राग आला नाही. त्या सगळ्या गोड संध्याकाळी एकेक करून आठवत गेल्या, वाचून दाखवलेल्या बातम्या, पाठीवरचा हात, पाण्याचा पेला, आणि प्रत्येकीला उचलून उजेडात धरून बघावं लागलं.

"उद्या मास्तरांकडे जाणार आहे," त्या म्हणाल्या. "त्या पोरीला सांगायचं, चूक कशी झाली. तुम्ही पण चला."

"त्यांना कशाला सांगायचं? घरातली गोष्ट आहे."

"सुई घरात नव्हती तुटली."

"लोक काय म्हणतील गं? माझं नाव तरी घेऊ नकोस."

सकाळी त्या एकट्याच गेल्या. मास्तरांच्या कारखान्यात ते मशीन कोपऱ्यात झाकून ठेवलेलं होतं; त्याला हात लावायला कुणी धजत नव्हतं. मुलगी कामावर आली होती. गालावर तांबूस रेघ उरली होती. मावशींनी तिची हनुवटी धरून ती जखम नीट पाहिली.

"दुखतं का गं?"

"हसलं की ओढतं, मावशी. म्हणून मास्तरांचे विनोद हल्ली ऐकत नाही मी."

"आधीही हसत नव्हतीस," मास्तर पलीकडून म्हणाले.

मावशी हसल्या नाहीत. "त्या दिवशी मला शटल घासल्याचं ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या. "कान तेवढे गेलेले नव्हते. मला काय ऐकू द्यायचं ते दुसऱ्याच्या हातात होतं, आणि त्याने मला सांगितलं नव्हतं."

"कुणाच्या हातात?" मुलीने विचारलं.

आजवर नवऱ्याचा विषय निघाला की त्या 'आमचे हे' म्हणत आणि पुढे काही चांगलंच सांगत. आताही तोंडात तेच आलं. "आमच्या ह्यांच्या," त्या म्हणाल्या.

मशीनं एकेक करून थांबली. मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे मग दुकान बंद नाही ना करत तुम्ही?"

"दुकान नाही," मावशी म्हणाल्या. त्यांनी कोपऱ्यातल्या मशीनवरचं फडकं ओढून काढलं, घडी करून बाजूला ठेवलं आणि पेचकस मागितला.